सकाळी दहाची वेळ

उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ सप्टेंबर १९६६

प्रिय वच्छला,

दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी रागावून घे आणि मग पुढे वाच.

विद्यापीठात कलाकेंद्र निघालं आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल. मी तिथे कार्यवाह आहे. म्हणजे कलावंतांना पत्रं लिहायची, पडदा अडकला की शिपायाला शोधून आणायचं, आणि वर्तमानपत्रात नाव केंद्रप्रमुख लक्ष्मणरावांचं छापून आलं की कात्रण कापून ठेवायचं. यंदा डिसेंबर ते फेब्रुवारी असा गाण्या-नाचाचा पहिला हंगाम ठरतो आहे. हैदराबादचे सतारवादक येणार आहेत, नागपूरच्या एक बाई भरतनाट्यम करणार आहेत, आपल्या शहरातल्या कव्वालांची बैठक आहे. आणि १८ डिसेंबरचा रविवार आपल्या आप्पासाहेबांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी त्यांचे शिष्यच गाणार.

तू गावंस अशी समितीची इच्छा आहे. खरं सांगायचं तर तुझं नाव मी काढलं नाही, ह्यांनी काढलं. गेल्या दत्तजयंतीला हे कुणाच्या तरी साथीला तबला घेऊन गंगापूरला आले होते, तेव्हा तू देवळात मारवा गायलीस म्हणे. त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना एक शब्द बोलले नाहीत. बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वच्छलाचा मारवा ऐकला." बस्स, एवढंच. अकरा वर्षं मी ह्यांच्या तबल्याबरोबर गाते आहे. माझं गाणं संपलं की हे विचारतात, दूध तापवलंस का.

हे आपलं गमतीनं लिहिलं. घरच्यांना विचार आणि कळव. उतरायचं माझ्याकडेच, दुसरीकडे नाही.

तुझी
भानुमती


गंगापूर
२२ सप्टेंबर १९६६

ती. भानुताईस वच्छलाचा नमस्कार.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं, तिथून ह्यांनी काढून वाचलं आणि सगळ्या घराला ऐकवलं.

आमच्या आत्याबाईंचा स्वभाव तुला ठाऊक आहे. सासू म्हणून वाईट नाहीत, पण मनकर्णाबाईंच्या सुनेनं लोकांपुढं बसून गायचं म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. "देवळात गाती ते काय कमी हाय का? शहरात तिकीट काढून लोक ऐकणार म्हंजी काय?" असं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "भानुमतीबाईच्या जबाबदारीवर जा. एक डाव. नीट झालं तर फुडचं बघू. हसं झालं तर पुन्हा गाण्याचं नाव काढायचं नाय, देवळात बी नाय."

तेव्हा ताई, माझं सगळं त्या एका दिवसावर आहे. हे तुला मुद्दाम लिहून ठेवते.

तुझ्या पत्रातली दुधाची गोष्ट वाचून हसले, आणि मग हसू गेलं. तुझ्या घरात तबला आहे, माझ्या घरी विहिरीवरचं इंजिन. ते सुरू झालं की मी त्याच्या सुरात गुणगुणते, दुसरी साथ मला नाही. तू रोज गातेस, रोज कुणी तरी ठेका धरतं. मला तुझा हेवा वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आप्पासाहेबांच्या घरचे दिवस परवापासून सारखे आठवतात. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी क्लास काढला आणि तू शाळा सुटल्यावर दोन वेण्या घालून यायचीस. मी तिथंच राहायची. आई नव्हती म्हणून बापानं आप्पासाहेबांच्या घरच्या काकूंच्या हाताखाली ठेवलेली पोर. तू आलीस की आप्पासाहेब मलाही तुझ्या शेजारी बसवायचे आणि दिवेलागणीला मारवा सुरू व्हायचा.

एक मागणं आहे. मला संध्याकाळची वेळ दे. मारवा सूर्य बुडताना गायचा, आधी नाही आणि नंतर नाही, हे तुला काय सांगायचं. लोकांपुढं गायलेला माझ्याजवळ तोच एक आहे. शेवटी तूच गाशील, तू मोठी. मला फक्त सहाची वेळ पुरे.

तुझी धाकटी
वच्छला


उस्मानपुरा, औरंगाबाद
९ नोव्हेंबर १९६६

प्रिय वच्छला,

छापलेली पत्रिका सोबत पाठवते आहे. कागद चांगला लागला आहे, फक्त तंबोऱ्याच्या चित्रात तारा पाच आल्या. छापखान्यातला माणूस म्हणतो, चार बऱ्या दिसत नव्हत्या.

तुझं गाणं रविवारी सकाळी दहाला ठेवलं आहे. संध्याकाळ द्यायची माझी फार इच्छा होती, पण समितीपुढे अडचणी होत्या. दुपारी विद्यार्थिनींचं कथक आहे, त्यासाठी रंगमंचावर फळ्या टाकायच्या, मग त्या काढायच्या, मग बैठक घालायची. शिवाय संध्याकाळी बाहेरगावचे पाहुणे असतात, त्यांना ओळखीचं नाव लागतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. सकाळी माणसं ताजीतवानी असतात.

मारवा तेव्हा गाता येणार नाही, हे खरं. पण एखादं भजन म्हण ना. गंगापूरच्या देवळात तू भजनं म्हणतेसच, आणि सकाळच्या वेळी लोकांना भजन आवडतं. मनकर्णाबाईंनाही तेच बरं वाटेल.

बाकी पत्रिकेत पाहशीलच.

तुझी
भानुमती


पोस्टकार्ड
गंगापूर
१७ नोव्हेंबर १९६६

ती. भानुताईस नमस्कार.

पत्रिका पोचली. "सकाळी १० : सौ. वच्छलाबाई, गंगापूर. गायन." खाली, "सायंकाळी ६ : सौ. भानुमती, औरंगाबाद. राग मारवा." दोनदा वाचलं. हे म्हणाले, तुझ्या नावापुढं रागाचं नाव नाय. मी म्हणाले, छापायचं राहिलं असंल. आत्याबाईंना वाचता येत नाही ते बरं आहे.

मी येईन. सकाळी दहाला गाईन. पोस्टकार्डावर याहून जास्त मावत नाही.

वच्छला


उस्मानपुरा, औरंगाबाद
२८ नोव्हेंबर १९६६

प्रिय वच्छला,

पोस्टकार्डावर जागा होती. खालचा अर्धा भाग कोरा होता.

मारव्याचं म्हणशील तर राग काही कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नसतो. आप्पासाहेबांनी तो मलाही शिकवला आहे. तू माझ्या शेजारी बसून शिकलीस, मी तुझ्या नाही. तू गायलीस म्हणून मी गाऊ नये, असा कुठला नियम आहे? आणि तू संध्याकाळी गाणारच नाहीस, तर मग तो राग त्या दिवशी कुणीच गायचा नाही का?

समितीचं नाव मी पुढे केलं, तेही सांगून टाकते, कारण ह्यांनी काल रात्री जेवताना मला सरळ विचारलं आणि मी खोटं बोलले. आता तेच खोटं दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा आला. वेळा मीच लावल्या. तू वाईट गाशील अशी भीती असती तर तुला सहा वाजता बसवलं असतं. यापुढे यावर मला विचारू नकोस.

आता एक काम आहे. संध्याकाळी माझ्या मागे तंबोऱ्यावर तू बस. धाकट्या गुरुबहिणीनं मागे बसायचं आणि गाणारीचा दम कमी पडला की सूर द्यायचा, ही आप्पासाहेबांच्या घरची रीत. दुसरी कुणी मुलगी बसवली तर लोक विचारतील, वच्छला का नाही. तबल्यावर दोघींनाही हेच आहेत. सकाळी काय गाणार ते ह्यांना कळव, म्हणजे तयारी करता येईल.

भानुमती


गंगापूर
५ डिसेंबर १९६६

ती. भानुताईस नमस्कार.

तंबोऱ्यावर बसेन. रीत आहे ती आहे.

वेळा तूच लावल्यास हे मला पत्रिका पाहूनच कळलं होतं, पण तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. पूर्ण बरं नाही, थोडं.

काय गाणार ते मुकुंदराव भावजींना आल्यावर सांगेन. त्यांचा हात असा आहे की आधी कळवायची गरज नाही.

इकडं एक घोटाळा झाला आहे. आत्याबाई स्वतः यायचं म्हणतात. "आपल्या घरचं माणूस बसणार अन् म्या घरी बसू व्हय?" असं म्हणून त्यांनी गावातली आठ माणसं गोळा केली आहेत. पुंजाराम पाटील येतात, आशाबाई येते, जिनं माझं गाणं आजवर एकदाही धड ऐकलेलं नाही. पहिल्या एस्टीनं सगळे येणार. हसं झालं तर घरी सांगायला कुणाची गरज पडणार नाही, सगळे समोरच बसलेले असतील. परवा पाणी शेंदताना एकाएकी आवाजच फुटेना. नंतर फुटला.

तू सकाळी समोर बस. ओळखीचा चेहरा असला की मला पहिला सूर लागतो.

वच्छला


उस्मानपुरा, औरंगाबाद
२ जानेवारी १९६७

प्रिय वच्छला,

पंधरा दिवस झाले, तुझ्याकडून पत्र नाही, आणि मीही लिहिलं नाही. त्या दिवशी तुम्ही सगळे शेवटच्या गाडीच्या घाईत निघालात, नीट बोलणं झालंच नाही.

तुझं सकाळचं गाणं फार छान झालं. लक्ष्मणराव तर उभेच राहिले. तुमच्या पुंजाराम पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता, असं ऐकलं. तुला देसी येतो, हे इतक्या वर्षांत तू मला कधी बोलली नाहीस. दिवसाच्या त्या प्रहराला इतका शोभणारा दुसरा राग नसेल, आणि मी तुला भजन सुचवत होते. मला वाटलं होतं, तुझ्याजवळ मारवा सोडून काही नाही. तो काढून घेतला की तू रिकामी. बघ, लिहिताना किती साधं वाटतं.

एक सांगू? मी आप्पासाहेबांकडे देसी तीनदा मागितला होता. शेवटच्या वेळी त्यांच्या आजारपणात. तिन्ही वेळा म्हणाले, "भानू, तो आता आठवत नाही गं." मी त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, राहू द्या, त्रास करून घेऊ नका. आणि तो तुझ्या गळ्यात सगळा जसाच्या तसा होता. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून तुझ्याशी भांडावंसं वाटतं.

संध्याकाळी माझं जमलं नाही, हे तुला सांगायला नको. मारव्यात षड्जापासून दूर राहायचं असतं, घर दिसतंय तरी आत जायचं नाही. मी घाबरले की लगेच आत जायची. दोनदा मागे वळून मी तुझ्याकडे सूर मागितला. तू खाली पाहत तंबोरा छेडत राहिलीस. तू मोठ्या मनानं गप्प बसलीस. सूर दिला असतास तर सगळं सभागृह माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे पाहत राहिलं असतं. माझी लाज राखलीस, आभारी आहे.

पुढच्या हंगामासाठी लक्ष्मणरावांनी तुझं नाव आत्ताच लिहून घेतलं आहे. मनकर्णाबाईंना काय वाटलं ते कळव. पुन्हा माझ्याच जबाबदारीवर पाठवणार असतील तर त्यांना पत्र मला लिहावं लागेल.

हे अजून त्या दिवसाबद्दल काही बोललेले नाहीत.

भानुमती


गंगापूर
१५ जानेवारी १९६७

ती. भानुताईस वच्छलाचा नमस्कार.

परतीच्या एस्टीत आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्या रडले. का रडले ते माझं मला कळलं नाय." आणि थोड्या वेळानं, "फुडल्या साली जा. पर भानुमतीबाईनं बोलावलं तरच. तिचं पत्र आलं तर जायचं, नाय तर नाय." आता रोज सकाळी पोस्टमनला त्याच विचारतात.

म्हणजे माझं गाणं तुझ्या पत्रावर आहे. हे माहीत असून पुढचं लिहिते आहे.

देसी मला आप्पासाहेबांनी सकाळी दिला. तू शाळेत असायचीस. दहाच्या सुमाराला काकू देवापुढं बसल्या की ते मला स्वयंपाकघराच्या दारात बोलवायचे. मी भाजी निवडायची आणि ते सांगायचे, मी म्हणायची. सहा वर्षं हेच. मारवा तुझा होता ताई. "भानूचा मारवा" असंच ते म्हणायचे. मी शेजारी बसून तो उचलला, आणि तू सासरी गेलीस तेव्हा आपलाच म्हणून गात राहिले. तेव्हा तू मला सकाळी दहाची वेळ दिलीस ती माझीच वेळ होती. तुला ते ठाऊक नव्हतं, म्हणून दिलीस. आप्पासाहेब तुला तो आठवत नाही असं का म्हणाले, ते मला माहीत नाही. पण तुझ्या पत्रात ते वाचून मला आनंद झाला. चांगला झाला. दिवसभर पुरला.

आता तंबोऱ्याचं. मोठ्या मनाचं वगैरे काही नव्हतं. तू पहिल्यांदा वळलीस तेव्हा तो कोमल रिषभ माझ्या गळ्यात तयार होता. एक सूर दिला असता तर तू सावरली असतीस. मी दात दाबून बसले. दुसऱ्यांदा वळलीस, तेव्हाही. तू अडखळत होतीस आणि मला बरं वाटत होतं.

तू मारवा घेतलास त्याचा राग मला आला होता, पण सकाळी गायले आणि तो गेला. दुसऱ्या गोष्टीचा गेला नाही. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची होती, तिच्यावर तुझी जांभळी शाल होती, आणि तू नव्हतीस. समोर बस म्हणून लिहिलं होतं मी. पहिला सूर लावायच्या आधी पाहिलं, मग तासभर मधूनमधून पाहत राहिले. परकी माणसं रडत होती आणि माझ्या गुरूच्या घरची एकटी तू, ती बाहेर. तू वळून माझ्याकडे सूर मागितलास तेव्हा मला ती शाल दिसली.

खोट्या आभारावर पुढल्या साली यायचं नाही मला. पत्र लिहायचं की नाही ते तू ठरव. आत्याबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

वच्छला


उस्मानपुरा, औरंगाबाद
३० जानेवारी १९६७

प्रिय वच्छला,

मी विंगेत होते. तू आलाप सुरू केलास आणि दुसऱ्या मिनिटाला मला कळलं की हा देसी आहे. मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि विद्यापीठाच्या फाटकापर्यंत चालत गेले. तिथे पहारेकऱ्यानं विचारलं, बाईसाहेब, टांगा बोलावू का? मी नको म्हणाले आणि उन्हात उभी राहिले. टाळ्या ऐकू आल्यावर परत फिरले. जे तीनदा मागून मला मिळालं नाही, ते दुसरीच्या तोंडून बसून ऐकण्याची ताकद माझ्यात नव्हती. हा मत्सर आहे, दुसरं काही नाही. तू देसी गाणार हे आधी कळलं असतं तर तुला पहाटे चारची वेळ दिली असती.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी वाटलं, मी मागे बसले असते तर मीही सूर दिला नसता. आप्पासाहेबांनी दोघींना राग वेगवेगळे दिले, स्वभाव मात्र एकच दिला. "भानूचा मारवा" असं ते म्हणायचे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. निदान तू तरी सांगायचंस. आता तो मला पुन्हा पहिल्यापासून बसवायला लागेल.

परवा ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तुझ्या देसीबद्दल ऐकावं लागणार. मी तयारीच करून बसले. तर म्हणाले, "तू बाहेर का गेलीस?" दीड महिना हे तेवढ्यासाठी गप्प होते.

मनकर्णाबाईंच्या नावाचं पत्र सोबत आहे. त्यांना वाचून दाखव. तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं, तेव्हा अक्षर चांगलं नसलं तरी चालवून घे. त्यात लिहिलं आहे की तुमच्या सुनेला यंदाही माझ्या जबाबदारीवर पाठवा आणि तुम्हीही आठ काय, ऐंशी माणसं घेऊन या. वेळ तू निवड. सकाळी दहा की संध्याकाळी सहा, ते मी तुझ्या पत्रानंतर पत्रिकेत घालेन आणि छापायला जाण्याआधी तुला दाखवीन.

त्या दिवशी मी समोर बसेन. मला आवडेल असं समजू नकोस. पोटात दुखेल, शाल दहादा सारखी करीन, कुणी वाहवा म्हटली की त्याच्याकडे रागानं पाहीन. पण उठणार नाही.

भानुमती